चिलखती गाडी आणि खारी हवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

हलक्या चिलखती गाड्यांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. किनाऱ्याला होड्या लागतात, चिलखती गाड्या नव्हेत. तीन टनांची गाडी पुळणीत रुतणारच. आणि अशी गाडी कोकणात दोन पावसाळ्यांत भंगार होते, म्हणजे पैसे पाण्यात. पोलिसांच्या मोटार परिवहनात हयात घालवलेल्या माणसाने हे लिहिलं आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. गाड्या सडतात हे तुमचं निरीक्षण खरं आहे. म्हणून त्या घेऊच नयेत, हे मात्र पटत नाही. त्या सडतात त्या चुकीच्या ठेवणीमुळे.

आधी होड्यांचं. 1993 मध्ये शेखाडीला आरडीएक्स समुद्रातून उतरलं, पण पुढे गेलं रस्त्याने. 2008 मध्ये अतिरेकी होडीतून कुलाब्याला उतरले आणि गोळीबार झाला तो शहरात. त्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर ज्या क्वालिसमध्ये होते, ती साधी गाडी होती. साध्या गाडीच्या दाराचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो, रायफलची गोळी त्यातून थेट आत येते. गस्तीची होडी हवीच, पण किनाऱ्याला लागलेल्या माणसासमोर रस्त्यावर उभं राहायला काहीतरी लागतं. 2009 मध्ये आलेली महिंद्राची मार्क्समन ही सहा माणसांची गाडी याच कामाची: गोळीपासून आणि गाडीखाली फुटणाऱ्या हातबॉम्बपासून संरक्षण, तेवढंच.

‘तेवढंच’ हा शब्द जपून वापरला आहे. गोळीपासूनच्या संरक्षणाच्या बीआर 6 या पातळीचा अर्थ असा, की दहा मीटरवरून सेकंदाला सुमारे 830 मीटर वेगाने आलेली, मऊ गाभ्याची 7.62 बाय 51 मिलिमीटरची रायफलची गोळी अडते. कठीण पोलादी गाभ्याची चिलखतभेदी गोळी अडवायची तर बीआर 7 लागते आणि वजन आणखी चढतं. म्हणून गाडी ताब्यात घेताना प्रमाणपत्र कोणत्या गोळीचं आहे ते वाचायचं. दाराच्या फटीवर, कुलपाच्या जागी आणि बिजागरीशी चाचणीच्या गोळ्या मारल्या होत्या का, हेही विचारायचं. सपाट चिलखती प्लेट पास होतेच, गोळी शिरते ती सांध्यातून.

पुळणीचा हिशोब मांडून दाखवतो. माणसं आणि शस्त्रं धरून गाडी 3200 किलो समजा, म्हणजे चाकामागे साधारण 800 किलो. टायरमध्ये 35 पौंड हवा असेल तर चौरस सेंटिमीटरला अडीच किलोच्या आसपास दाब पडतो आणि टायर जेमतेम 325 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा 18 पौंडांवर आणली की टेकणारी जागा जवळजवळ दुप्पट होते, 630 च्या घरात. रुतणं आणि निघणं यातला फरक एवढाच असतो. लेखात मी सरसकट 25 पौंड लिहिलं होतं. कोरड्या, भुसभुशीत वाळूला ते पुरत नाही. ती चूक होती, लेखात दुरुस्त केली आहे.

मात्र हवा कमी केलेल्या टायरने वेगात वळायचं नाही, टायर रिममधून सुटतो. डांबरावर आल्याबरोबर हवा भरायची, नाहीतर टायरची बाजू तापून फाटते. त्यासाठी कॉम्प्रेसर गाडीतच हवा. थांबायचं ते नाक उताराकडे करून, ब्रेक न दाबता, गाडी आपोआप थांबू देऊन. चाक जागेवर फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडायचा, दाबला तर दहा सेकंदांत गाडी पोटावर बसते. विंच, म्हणजे रुतलेली गाडी वायरने ओढून काढणारं यंत्र, बांधायला सुरूचं झाड हाताशी असतं, पण वाळूतला एकटा सुरू एवढ्या वजनाला उपटून येऊ शकतो. दोन बुंधे एकत्र धरून, जमिनीलगत, रुंद पट्ट्याने बांधायचं. नुसती वायर बुंध्याला गुंडाळायची नाही.

आता गंजाकडे येतो, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. लोकांना वाटतं की चिलखती पोलाद म्हणजे काहीतरी न गंजणारं असतं. ते साध्या लोखंडासारखंच गंजतं. पण गाडी निकामी होते ती प्लेट गंजून नव्हे. साध्या गाडीत आतून प्लेटा बसवलेल्या असतील तर बाहेरचा पत्रा आणि प्लेट यांच्यात बोटभर फट राहते. खारी हवा तिथे शिरते, रात्री दव धरतं आणि दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं जांभ्याच्या लाल धुळीने बुजलेली असतात. सहा-साडेसहा मिलिमीटरची प्लेट हे वर्षानुवर्षं सोसते. बाहेरचा पत्रा, प्लेट धरणारे ब्रॅकेट आणि बोल्ट मात्र सोसत नाहीत. जिथे ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट पोलादाला थेट टेकतो, तिथे मिठाच्या ओलीत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर टाकला असता तर ते टळलं असतं.

यापुढची चूक जास्त घातक. ब्रॅकेट सुटला की गाडी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे जाते. चिलखती प्लेटचं बळ तिच्या, तापवून झटकन थंड करून म्हणजे ‘पाणी देऊन’ आणलेल्या, कडकपणात आहे. साधारण 200 अंशांच्या वर तापली की तो उतरू लागतो. वेल्डच्या दोन्ही बाजूंना मऊ पट्टा तयार होतो आणि गोळी तिथून जाऊ शकते, वरून रंग मारला की तो दिसतही नाही. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे वेल्डिंगचे रॉड ओलसर असतात. त्या ओलीतला हायड्रोजन पोलादात जातो आणि एक-दोन दिवसांनी, गाडी उभी असताना, वेल्डला तडा जातो. वेल्डिंगवाल्याचा हात चांगला असला तरी हे घडतं. म्हणून प्लेटला ज्योत नाही, ड्रिल नाही. साध्या लोखंडाचे ब्रॅकेट बदलायचे ते बोल्टने.

काचेचंही तसंच. सुमारे 40 मिलिमीटर जाडीत काचेचे थर आणि सर्वांत आत पॉलिकार्बोनेट असतं. कडेची सील उघडली की ओल आत शिरते आणि कोपऱ्यातून दुधाळ डाग पसरू लागतो. डाग नखाएवढा असतानाच सील नवी करायची, हातभर झाल्यावर काच बदलण्यावाचून इलाज नाही. आतून वर्तमानपत्राने किंवा अमोनियाच्या काचक्लीनरने पुसलं की पॉलिकार्बोनेटवर बारीक जाळी पडते आणि रात्री समोरचे दिवे फुटलेले दिसतात. साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं, बस्स.

पुळणीवरून आलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायची, आधी खालून, मग दारांच्या आतून, शेवटी वरून. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, ते चालणार नाही. धुताना निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करायची, पाणी गळताना दिसलं पाहिजे. चाक खाऱ्या पाण्यात बुडालं असेल तर डिफरन्शियलचा (चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) ब्रिदर, म्हणजे हवा जायची नळी, आणि तेल तपासायचं. तिचं तापलेलं कवच थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधी दिसलं की लगेच बदलायचं, ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणायचं नाही.

आणि ब्रेक. जड गाडी आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरते तेव्हा ऑइल उकळण्याची भीती असते. डॉट 4 ब्रेक ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत टिकतं, हवेतली ओल शोषली की 155 पर्यंत उतरतं. उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. म्हणून इथे ते दरवर्षी, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांबरोबरच बदलायचं आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरायचा.

सुरुंगरोधक उंच गाडी का नको, असंही तुम्ही ओघात म्हटलं आहे. ती गडचिरोलीच्या कच्च्या रस्त्यांसाठी आहे. दोन गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधल्या आपल्या वाटेत ती वळणारही नाही. उलट तुमच्या होड्यांच्या मुद्द्यातून निघणारी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ या खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटी वेळापत्रकाने चालतात. रात्री खाडीच्या अलीकडची गाडी पलीकडे न्यायची तर मोठा वळसा पडतो. म्हणून गाड्या द्यायच्या तर खाडीच्या दोन्ही काठांना.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की दार खाली बसून कुलूप लागेनासं का होतं. प्लेट आणि काच धरून दार शंभर किलोच्या आसपास जातं. मूळची बिजागरी त्यासाठी नसते. दार अर्धवट उघडून त्याचं टोक वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर पिन झिजली आहे, बुशसकट बदला. कुलपाचा खटका कानशीने घासून दार ‘बसवू’ नका. तसं केलं की वरची फट रुंदावते आणि प्लेटची प्लेटवरची आच्छादणी कमी होते. पिनेला दर पंधरवड्याला ग्रीस द्या आणि चढावर दार सोडून देऊ नका, दार अडवून धरणारा पट्टा आधी तुटतो आणि मग बिजागरी वाकते.