कलांचोचा काळोख

अंगणात जास्वंद, गडग्याशी गुलबक्षी आणि विहिरीपाशी अनंत कोणाच्याही उपकारावाचून फुलत असताना माजघरात कुंडी ठेवून तिची सरबराई करणाऱ्या माणसाकडे आमच्या रत्नागिरीत ज्या नजरेने पाहतात, ती मी कलांचो आणल्यापासून झेलतो आहे.

रोपवाटिकेतून आणला तेव्हा तो लाल फुलांनी गच्च होता. फुले वाळल्यावर मी देठ छाटले आणि पावसाळाभर कुंडी घरातच ठेवली. कारण या मांसल पानांच्या झाडाची मुळे ओलीत कुजतात आणि आमच्याकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. झाड टवटवीत राहिले, पण कळीचे नाव नाही. चौकशीअंती उलगडा झाला, की रोज सलग १४ तासांचा काळोख पाच-सहा आठवडे मिळाला तर हे झाड हमखास कळ्या धरते, आणि मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी त्याचा हिशेब बिघडतो. डिसेंबरात आमचा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, त्यामुळे उघड्यावरच्या झाडाला लांब रात्र आयतीच मिळते. माजघरात मात्र दिवेलागणीला लागलेली ट्यूब शेवटची मालिका संपल्याशिवाय मालवत नाही, आणि त्यानंतर पाणी प्यायला कोणी ना कोणी उठतेच.

तेव्हा संध्याकाळी ६ ते सकाळी ८ झाडावर आंब्याचा रिकामा खोका उपडा घालायचे ठरले. हापूसला हवा लागावी म्हणून खोक्याला पाडलेली भोके चिकटपट्टीने बुजवावी लागली. "कोंबडी झाकलीस काय रे?" असे शेजारच्या काकूंनी विचारले. वीज गेली की सारे घर कावते. खूश होणारा मी एकटाच.

आईने तर मला परड्यात नेऊन गडग्याच्या जांभ्यात उगवलेली पानफुटी दाखवली. ती कलांचोचीच सख्खी बहीण, दोघांचे मूळ मादागास्करचे. पण हिचे पान नुसते मातीवर पडले तरी त्याच्या कडेने रोपे फुटतात. "हिला कोण रे खोका घालतं?" आई म्हणाली. यावर शास्त्रीय उत्तर होते, पण आईसमोर ते चालण्यासारखे नव्हते.

अशात मुंबईहून चुलतभाऊ आला. खोक्यावरची 'हापूस' ही अक्षरे वाचून त्याने रात्री १० वाजता मोबाइलच्या उजेडात तो उचलला आणि आत पाने पाहून माझ्याकडेच संशयाने बघितले. डिसेंबरात हापूस शोधणाऱ्याला अंधाराचे महत्त्व काय सांगणार? मी फक्त टॉर्च बंद करायला सांगितले.