वांद्र्याचे वकील

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी ख्रिश्चनांबद्दल एक फॉरवर्ड आला: 'ज्यांचं मुख्यालय रोममध्ये, त्यांची निष्ठा इथे कशी असणार?' महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय तापला की असलं काहीतरी येतंच. गंमत म्हणजे मी ते वाचलं रोममध्येच. स्पॅनिश पायऱ्यांच्या चौकात उभ्या उभ्या सँडविच खात होतो (पायऱ्यांवर बसलं की दंड होतो), आणि समोर त्याच मुख्यालयाची एक इमारत होती, 'प्रोपगांदा फिदे'. जगभरातल्या मिशन मुलखांचा कारभार पाहणारं खातं. त्याच्या प्रमुखाला इथे गमतीने 'लाल पोप' म्हणत. २००६ ते २०११ या खुर्चीवर वांद्र्याचा माणूस होता, कार्डिनल आयव्हन डायस. ग्रुपवर एकालाही हे नाव माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर रोमला येईपर्यंत मलाही नव्हतं.

जन्म १९३६चा, घराणं मूळ गोव्याचं. १९५८ साली धर्मगुरू झाले आणि पुढे रोममधल्या पोपच्या राजनैतिक अकादमीत शिकले. पोपच्या राजदूताला नुन्सिओ म्हणतात. मला मात्र पेशवाईतला 'वकील' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. परक्या दरबारात राहायचं, तिथली हवा ओळखायची, आपल्या धन्याचं म्हणणं मांडायचं. स्कँडिनेव्हिया, इंडोनेशिया, मादागास्कर झाल्यावर १९७३ पासून नऊ वर्षं ते व्हॅटिकनच्या सचिवालयात होते. सोव्हिएत संघ, चीन, व्हिएतनाम अशा अवघड देशांच्या फायली त्यांच्याकडे असत. मग घाना, टोगो, बेनिन, मग कोरिया.

आणि १९९१ मध्ये अल्बानिया. माझं कुतूहल तिथे अडकलं, कारण ऑफिसात माझ्या शेजारी तिथल्या श्कोदर शहराची एक बाई बसते. तिच्या देशाने १९६७ साली धर्मावरच बंदी घातली. मशिदी, चर्च, सगळं बंद. श्कोदरच्या कॅथेड्रलचं क्रीडागृह झालं. तिची आजी रात्री चादरीखाली बोटांच्या पेरांवर जपमाळ मोजायची, अगदी आपल्याकडे मोजतात तशी. ईस्टरला घरी अंडी रंगवली का असं शाळेत बाईंनी विचारलं तर 'नाही' म्हणायचं, हे तिला पाचव्या वर्षीच पढवलेलं. २५ एप्रिल १९९३ ला पोप जॉन पॉल दुसरे तिथे आले आणि त्याच कॅथेड्रलमध्ये चार बिशपांना दीक्षा दिली. ती बाहेरच्या गर्दीत होती, पंधरा वर्षांची. त्या काळात तिथे पोपचा वकील एक भारतीय होता, हे तिच्या लक्षात आहे. "कलकत्त्याचा ना?" तिने विचारलं. मदर तेरेसांमुळे तिथल्या लोकांना भारत म्हणजे कलकत्ता. "नाही, वांद्र्याचा," मी म्हटलं, आणि उगाचच छाती फुगली.

ग्रुपवाल्यांची शंका अगदीच हवेतली नाही. या खात्याचं कामच सुवार्ताप्रसाराचं, म्हणजे ख्रिस्ती धर्म पसरवण्याचं, ते कोणी लपवत नाही. डायस मवाळही नव्हते. समलिंगी संबंधांबद्दलची त्यांची मतं मला मुळीच पटत नाहीत, आणि नवा विचार मांडणाऱ्या धर्मपंडितांना त्यांच्याकडून फारशी सूट नसे. पण हा झाला मतांचा वाद. निष्ठेचा प्रश्न वेगळा आहे, आणि आपण तो नेमका कुणाला विचारतो?

डायस मुंबईचे आर्चबिशप असताना, १९९८ साली, वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, मराठी 'सुवार्ता' मासिकाचे कित्येक वर्षांचे संपादक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तर धर्मगुरू कसा चालेल म्हणून केवढा गदारोळ! उलट कॅलिफोर्नियात कुणा देशपांड्यांना बढती मिळाली की आमचा ग्रुप फुलांनी भरून जातो. तेव्हा मुख्यालय कुठे आहे ते कुणी विचारत नाही.

इथे माझं काय चालतं तेही सांगतो. दर वर्षी टॅक्सच्या फॉर्मवर एक चौकट असते: आयकरातला हजारी आठचा हिस्सा कुणाला द्यायचा ते निवडा. कॅथलिक चर्च आहे, सरकार आहे, ज्यू, बौद्ध आहेत, आणि इटलीतला हिंदू संघही; त्याच्याशी झालेल्या कराराचा कायदा २०१२ चा. मी तिथे सही करतो. इटली काही स्वर्ग नाही. मशिदीवरून इथेही भांडणं होतात, आणि राहण्याच्या परवान्याच्या रांगेत माणूस चार तासांत शहाणा होतो. पण पोपच्या दारात बसून मी हिंदू संघाला पैसे देतो म्हणून माझ्या निष्ठेचा हिशेब अजून तरी कुणी मागितलेला नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले. मग तो फॉरवर्ड टाकणाऱ्या मित्राचाच मेसेज आला: "ते राहू दे. इटलीचा पासपोर्ट कधी हातात पडतोय? पार्टी हवी हं!"

दहा वर्षं राहिल्यावर अर्ज करता येतो, मला अजून तीन बाकी आहेत, असं त्याला कळवलं.