लोकसभेची मंजुरी म्हणजे कायदा नव्हे : खुलासा

जालना, परभणी भागातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात असे म्हटले आहे की, लोकसभेत विधेयक मंजूर झाले की दुसऱ्या दिवसापासून तो कायदा देशभर लागू होतो. हे खरे नाही.

साधे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राज्यघटनेच्या अनुच्छेद 111 नुसार राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावरच कायदा बनते. धन विधेयकाबाबत (म्हणजे कर, सरकारी खर्च अशा केवळ आर्थिक बाबींच्या विधेयकाबाबत) मात्र राज्यसभेला केवळ शिफारशी करता येतात आणि त्याही 14 दिवसांत.

संमतीनंतरही अंमलाची तारीख निराळी असू शकते, आणि नेमका इथेच लोकांचा घोळ होतो. ग्राहक संरक्षण कायद्याला 9 ऑगस्ट 2019 रोजी संमती मिळाली, परंतु त्यातील बहुतेक तरतुदी केंद्राच्या अधिसूचनेनुसार 20 जुलै 2020 पासून लागू झाल्या. सदोष बियाण्यांबद्दल भरपाई मागणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक कागदोपत्री नाही, कारण तक्रार जुन्या कायद्याखाली चालेल की नव्या, हे त्यावर ठरू शकते. म्हणून बातमीतील ‘मंजूर’ या शब्दापेक्षा राजपत्रातील अधिसूचनेची तारीख पाहावी.