‘फुकट’ फोनचे पैसे शेवटी कोण भरतं?

अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या आजही ‘फोन फुकट’ अशा जाहिराती करतात आणि लोक आजही भुलतात. माझं मत स्पष्ट आहे. ऐपत असेल तर फोन पूर्ण किंमत मोजून, अनलॉक केलेलाच, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालेल असाच, घ्यावा आणि सिम परवडेल त्या कंपनीचं टाकावं. कंपनी सवलत देते ती स्वतःच्या खिशातून नव्हे, आपल्याच पुढच्या बिलांतून.

आयफोनचंच बघा. २००८ मध्ये आयफोन ३जी आला आणि ८ जीबीचा फोन ३९९ डॉलरवरून १९९ वर आला. निम्म्या किमतीत! रांगा लागल्या. पण त्याच वेळी एटी अँड टी या मोबाइल कंपनीने डेटाचे महिन्याला २० डॉलरचे ३० केले. करार २४ महिन्यांचा. वाचले २००, गेले २४०. आधीच्या २० डॉलरमध्ये २०० एसएमएस धरलेले होते, त्यांचेही आता वेगळे पैसे. नेटवर्क जास्त वेगवान होतं हे मान्य, पण फोन स्वस्त झाला असं कुणी म्हणू नये.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. दोन वर्षं संपली, सवलत वसूल झाली, तरी बिल तेवढंच यायचं! फोन जपून तिसऱ्या वर्षीही वापरणाऱ्याला एका डॉलरची सूट नाही. म्हणजे दर दोन वर्षांनी नवा फोन घेणाऱ्याचा भार जुना फोन सांभाळणाऱ्याने उचलायचा. हा सरळसरळ अन्याय होता. आणि मध्येच सोडून जायचं म्हटलं तर दंड. व्हेरायझन या दुसऱ्या मोबाइल कंपनीने २००९ मध्ये स्मार्टफोनसाठी तो १७५ वरून ३५० डॉलर केला. दर महिन्याला फक्त १० डॉलरने उतरणारा. २३ महिने इमानदारीत बिल भरलेल्या माणसाच्या डोक्यावरही १२० डॉलर उरायचेच.

२०१३ मध्ये टी-मोबाइलने फोन आणि सेवा यांचा हिशोब वेगळा केला. आयफोन ५ साठी सुरुवातीला १०० डॉलर, मग महिना २० चे २४ हप्ते. हप्ते फिटले की बिल तेवढ्याने खाली. याला माझी काहीच हरकत नाही. सगळ्यांना एकरकमी पैसे काढणं जमत नाही, आणि उधारी ही उधारी म्हणून समोर मांडली तर त्यात लपवाछपवी नाही.

पण आता तीच जुनी चाल नव्या नावाने आली आहे. फोनची पूर्ण किंमत तुमच्या नावावर चढवायची आणि ३६ महिने थोडी थोडी ‘बिल क्रेडिट’ म्हणून, म्हणजे बिलातल्या सवलतीच्या रूपात, वळती करायची. बहुतेक वेळा त्यासाठी महागडा प्लॅन घ्यावा लागतो. दीड वर्षात कंपनी बदलली तर उरलेलं क्रेडिट बंद आणि फोनची शिल्लक रक्कम एकदम देणं. दंड हा शब्द कागदावर कुठेच नाही. ‘फुकट’ फोनवर सही करण्याआधी त्या प्लॅनचे ३६ महिन्यांचे पैसे आणि साध्या स्वस्त प्लॅनचे पैसे शेजारी शेजारी लिहा, मग त्या फरकात फोनची किंमत कितपत बसते ते बघा.