खुलासा : मसाई पठारावर मे महिन्यात बर्फ नसतो

‘पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर भर उन्हाळ्यात बर्फ आणि फुलं, दुपारीच जा’ असा फोटोसह मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. तो खोटा आहे.

फोटोतली निळी पॉपी हिमालयातली, साधारण ३,००० मीटरच्या वर उगवणारी. तिथे हिवाळ्यातला बर्फ सावलीच्या घळींत जूनपर्यंत टिकतो आणि वितळलेल्या पाण्यावर शेजारीच फुलं येतात. उत्तराखंडच्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’मध्ये हे दृश्य खरंच दिसतं, पण ती दरी जूनमध्येच उघडते. पन्हाळ्याची उंची हजार मीटरही नाही. राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर, तिथेही बर्फ साचत नाही. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठतं, तेवढंच.

वळवात गारा पडून रान पांढरं झालेलं आपल्याकडे अनेकांनी पाहिलंय. त्या थोड्याच वेळात विरघळतात.

मसाईवर फुलं असतात, सुंदर असतात, पण पावसाळ्याच्या शेवटी. सोनकी, तेरडा बघायचा तर सप्टेंबरात जा, आणि कृपा करून फुलं तुडवू नका.

मला खरी काळजी ‘दुपारीच जा’ या शब्दांची वाटते. मे महिन्यात त्या उघड्या सड्यावर सावलीला झाड मिळणं मुश्कील. पोराबाळांना घेऊन कुणी बर्फाच्या आशेनं भर उन्हात गेलं, तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. जायचंच असेल तर पहाटे निघा, भरपूर पाणी घ्या, ऊन चढायच्या आत खाली या. मेसेज ज्या ग्रुपवर आला, तिथेच हा खुलासाही टाका.