चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर तपासू नका

गेल्या दोन महिन्यांत अल्टरनेटरबद्दल, म्हणजे चालू इंजिनावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाबद्दल, एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘चार्जिंगचा प्रॉब्लेम आला की गॅरेजला पैसे घालवू नका. गाडी चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला, चालू राहिली तर बॅटरी गेली. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला तर बॅटरी बदला. बॅटरी उतरली असेल तर जंपर लावून पंधरा मिनिटं फिरवा, फुल होते. अल्टरनेटर रिपेअर होत नाही, नवाच टाका.’

चारही सल्ले चुकीचे आहेत आणि पहिला तर धोक्याचा आहे. मी साताऱ्यात वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. असल्या सल्ल्यांमुळे झालेलं नुकसान मी टेबलावर उघडून बघितलंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

केबल काढून बघायची रीत कुठून आली ते आधी सांगतो. जुन्या अँबेसेडर, फियाटला अल्टरनेटरऐवजी डायनामो असायचा, शेजारी त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआउटचा डबा. अख्ख्या गाडीत इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं काही नव्हतं, त्यामुळे व्होल्टेज वर गेलं तरी बल्ब उडण्यापलीकडे फारसं काही जळायचं नाही. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला, पुढे तो सगळीकडे आला. १९८३ साली आलेली मारुती ८०० सुद्धा कार्बोरेटरवरच होती, इंधन कॉम्प्युटरने सोडणारी नव्हे. तेव्हाच्या मिस्त्रींनी ही युक्ती वापरली, त्यांचं निभावलं. आजच्या गाडीत इंजिनाचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, सगळ्यांचे वेगवेगळे कंट्रोलर त्याच बारा व्होल्टच्या लाइनवर बसलेत.

केबल काढल्यावर आत काय होतं? अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे आत फिरणाऱ्या भागात, करंट सोडून चुंबक तयार केलेलं असतं. बॅटरी ओढत असलेला करंट एका क्षणात तुटला, तरी त्या चुंबकाचा जोर त्याच क्षणी ओसरत नाही. व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरने आतला करंट कमी केला तरी जोर उतरायला थोडा वेळ जातो. शेतावर मोटर चालू असताना कोणी कॉक झटक्यात बंद केला की पाइप फुटतो ना, तसाच हा प्रकार. याला लोड डंप म्हणतात. गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग ज्या आंतरराष्ट्रीय मानकाने तपासतात, त्यात बारा व्होल्टच्या गाडीसाठी हा झटका ७९ ते १०१ व्होल्टचा धरलाय, ४० ते ४०० मिलिसेकंदांचा. हल्लीच्या बऱ्याच अल्टरनेटरमध्ये झटका दाबणारे डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग) असतात, तिथे तो ३५ व्होल्टच्या आसपास थोपवला जातो. पण तुमच्या अल्टरनेटरमधले डायोडच गेलेले असतील तर? आणि आपण तपासायला निघालोय ते तीच शंका घेऊन.

दुसरी गोष्ट ठिणगीची. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. चालू इंजिनावर टर्मिनल सैल केलं की ठिणगी हमखास पडते, आणि ती नेमकी त्या वायूच्या तोंडाशी. बॅटरी फुटली की अ‍ॅसिड थेट तोंडावर येतं.

एवढा धोका पत्करून उत्तर तरी खरं मिळतं का? तेही नाही. एखादा डायोड गेलेला अल्टरनेटर कमी करंट देतो, पण आयडलिंगला, दिवे बंद असताना, गाडी चालू ठेवण्याइतका नक्की देतो. मेसेजप्रमाणे तुम्ही म्हणणार अल्टरनेटर ठीक, बॅटरी बदला. नवी बॅटरी टाकता आणि थोड्याच दिवसांत तीही उतरते. उलट, अल्टरनेटर ठणठणीत असूनही गाडी बंद पडू शकते. बॅटरी लाइनवर असते तेव्हा व्होल्टेजचे चढउतार पोटात घेते; ती निघाली की क्षणभर व्होल्टेज खाली जातं, ईसीएम रीसेट होतो आणि इंजिन थांबतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी चुकीचं निदान.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ डिझेल हॅचबॅक टोइंगवर घेऊन आले. बॅटरीचा दिवा मधूनमधून लुकलुकायचा, म्हणून व्हिडिओ बघून पार्किंगमध्ये त्यांनी केबल काढली. गाडी बंद पडली ती परत सुरूच होईना. स्कॅनर लावला तर ईसीएम बोलायलाच तयार नाही. अल्टरनेटर उतरवून उघडला तेव्हा मूळ दोष समोर आला: फिरत्या रोटरला करंट पोचवणाऱ्या दोन कार्बनपैकी एक घासून जेमतेम चार मिलिमीटर उरला होता आणि खड्ड्यातून गेलं की स्लिप रिंगवरून, म्हणजे तो टेकतो त्या कड्यावरून, उचलला जायचा. कार्बनची जोडी काही शे रुपयांत येते. ईसीएमचं बिल त्या माणसाच्या महिन्याच्या पगाराएवढं झालं. ते बिल हातात देताना मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी आळस केला नव्हता, उलट स्वतः शोधायचा प्रयत्न केला होता. फक्त रस्ता चुकीचा मिळाला.

बरोबर रस्ता एका साध्या मल्टिमीटरचा आहे. गाडी चार-पाच तास बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी साधारण निम्मी. सेल्फ मारताना दहाच्या फार खाली जायला नको. मग इंजिन चालू करून रेस १५०० ते २००० आरपीएमवर धरा, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावा. १३.८ ते १४.५ मध्ये आकडा टिकला तर चार्जिंग ठीक. १२.६ च्या खाली उतरत गेला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला, आणि तो बॅटरीचं पाणी उकळवतोय. नव्या गाड्यांत ईसीएम स्वतः व्होल्टेज ठरवतो, त्यामुळे मधेच १२.८ दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. सगळा लोड लावूनही आकडा चढत नसेल तरच शंका घ्या.

आता तोच मीटर एसी व्होल्टवर (उलटसुलट वाहणाऱ्या करंटच्या सेटिंगवर) करा. बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड प्लेट संशयित. अशी गाडी रात्रभर उभी राहिली की बॅटरी खाते, आणि मालक महिनाभर म्युझिक सिस्टिमला दोष देत बसतो.

अजून एक जागा बघायची, आणि गॅरेजवाले सुद्धा ती घाईत सोडतात. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या स्टडवर, म्हणजे ती आवळलेल्या बोल्टवर, वेगळं रीडिंग घ्या. परवा एका गाडीत स्टडवर १४.३ आणि बॅटरीवर १२.९ होते. दुसरीकडे नवा अल्टरनेटर टाकायला सांगितलं होतं. वायर हाताने चाचपत गेलो तर फ्यूज बॉक्सच्या टोकाला लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) गरम लागला. नट काढला, आत हिरवी पूड. पॉलिश पेपरने घासला, आवळला, बॅटरीवर १४.१ आले. स्टड आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हमध्ये पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी वायर बघा. निगेटिव्ह बाजूला, अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात, हा फरक त्याहूनही कमी हवा.

‘दिवा लागला तर बॅटरी बदला’ हे तर साफ उलटं आहे. चित्र बॅटरीचं असलं तरी चालू गाडीत तो दिवा सांगतो की चार्जिंग होत नाही. बॉनेट उघडून आधी बेल्ट बघा. बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून तुटला असेल तर गाडी तिथेच उभी करा, नाहीतर इंजिन तापेल. बेल्ट शाबूत असेल तर एसी, ब्लोअर, म्युझिक बंद करून जवळचं गॅरेज गाठा. नुसते हेडलाइटच दहा अँपिअरच्या आसपास ओढतात, त्यामुळे रात्री वेळ फार कमी मिळतो आणि स्टिअरिंग जड व्हायला लागतं. खंबाटकीच्या चढाला दिवा लागला तर घाट उतरून बघू म्हणू नका. आणखी एक: चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर त्याची वायर किंवा बल्ब तपासा. जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो.

पंधरा मिनिटांचा हिशेब सोपा आहे. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण उतरली आणि अल्टरनेटरने तिला सरासरी २० अँपिअर दिले, तरी पाव तासात ५ अँपिअर-अवर गेले. सातवा हिस्सा. उतरलेली बॅटरी बाहेर काढून चार्जरवर रात्रभर हळू चार्ज करा. ते काम अल्टरनेटरकडून करून घेतलं की तो तापतो आणि डायोडचं आयुष्य घटतं.

राहिला रिपेअरचा मुद्दा. कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, डायोड प्लेट हे चारही भाग बहुतेक अल्टरनेटरना सुटे मिळतात. वायंडिंग काळं पडून जळका वास येत असेल, रोटर शॉर्ट असेल किंवा बॉडीला तडा असेल तर मात्र बदला. पुराच्या पाण्यात बुडालेला अल्टरनेटर उघडून स्लिप रिंगवरचा गाळ बघितल्याशिवाय टाकून देऊ नका.

बदलायचाच असेल तर गाडी बंद, चावी बाहेर, आणि पहिलं काम बॅटरीचा निगेटिव्ह काढणं. केबल काढायची योग्य वेळ हीच. मागच्या स्टडवर बॅटरी थेट जोडलेली असते. पाना तिथून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. नव्या युनिटचे अँपिअर, कप्लरच्या (वायर जोडायच्या प्लगच्या) पिना आणि पुलीच्या खाचा जुन्याशी जुळवून घ्या. एकाच दिशेने फिरणारी पुली असेल तर आतला रोटर धरून ती फिरवून बघा: एका बाजूला मोकळी, दुसऱ्या बाजूला पकडली पाहिजे. बेल्टला चिरा असतील तर तोही आत्ताच बदला. बेल्टचा ताण बसवून, सगळ्यात शेवटी निगेटिव्ह जोडून गाडी सुरू करा, सगळा लोड लावून बॅटरीवर आणि स्टडवर रीडिंग घ्या, आणि दोन्ही आकडे मिस्त्रीकडून बिलावर लिहून घ्या.