काकांनी पीळ काढला

आत्ताच रबाळ्याहून घरी आलोय, डोकं अजून गरम आहे, म्हणून लिहून टाकतो. एमआयडीसीतल्या एका कंपनीत गेटवरच्या वजनकाट्याचं रीडिंग आतल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर न्यायचं होतं. अंतर असेल ३०० मीटर. काट्याचा आकडा ज्या पद्धतीने वायरीवरून जातो, त्या आरएस-२३२ ची साधी वायर नियमाने १५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, म्हणून दोन्ही टोकांना एकेक शॉर्ट रेंज मॉडेम, म्हणजे सिग्नल लांबवर पोचवणारी डबी, आणि मधे दोन जोड्यांची ट्विस्टेड पेअर केबल, म्हणजे प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घातलेल्या. एका जोडीवरून डेटा जाणार, दुसरीवरून येणार, इकडचा ट्रान्समिट तिकडच्या रिसीव्हला. बस, एवढंच काम.

काट्याच्या केबिनमध्ये टेबलापर्यंत आरामात पुरेल एवढी केबल सोडून मी ऑफिसच्या टोकाला जोडणी करायला गेलो. परत येऊन बघतो तर काट्यावरचे काका चष्मा कपाळावर चढवून, मांडीवर पेपर पसरून बसलेले. केबलचं वरचं काळं कव्हर सोललेलं, आतल्या चारही वायरी सुट्या, आणि त्यातली एक टेबलावर ठेवून काका तिच्यावरून पाण्याचा तांब्या लाटण्यासारखा फिरवत होते.

"काका, हे काय करताय?"

"या साहेब. लई पीळ पडला होता ओ वायरीला. नखं दुखाय लागली काढून काढून. आता बघा कशी सरळ केलीय."

"अहो, तो पीळ मुद्दाम असतो!"

"मुद्दाम कोण कशाला पाडंल?" काका खरंच दुखावले. "दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला तुमच्या. आत चॉकलेटचा कागद पण निघाला, टाकून दिला मी."

तो चॉकलेटचा कागद म्हणजे शील्ड, बाहेरचा गोंगाट अडवणारं चंदेरी आवरण. कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या कपांखाली.

यापुढची कमाल म्हणजे काकांनी वर्गवारी केली होती. केबलमध्ये पांढरी-निळी एक जोडी आणि पांढरी-नारिंगी दुसरी. काकांनी दोन्ही पांढऱ्या एकत्र घेऊन रबर लावलं, निळी आणि नारिंगी एकत्र घेऊन दुसरं रबर लावलं. आता दोन्ही पांढऱ्या सारख्याच दिसतात, कुठली कुणाची हे फक्त पिळावरूनच कळतं, आणि पीळ तर काकांनी लाटून टाकलेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभ शाबूत आणि पीळ गायब.

ग्रॅहम बेलने या पिळाचं पेटंट घेतलं १८८१ साली. टेलिफोनच्या तारांमध्ये शेजारच्या तारांची खरखर घुसायची, त्यावरचा उपाय हा. दोन तारा एकमेकींभोवती फिरत गेल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच चढतो, आणि समोरचा मॉडेम दोघींमधला फरक तेवढा वाचतो, त्यामुळे गोंगाट आपोआप कटाप. इथे केबिनला लागूनच शेड, आत वेल्डिंग चालू, म्हणजे पीळ हवाच. हे सगळं मी काकांना हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या घरची लाईटची वायर सरळच हाय. चालती की."

शेवटी सोललेला तुकडा कापून टाकला. मग उरलेली केबल जेमतेम खिडकीपर्यंत! तेवढ्यात मॅनेजर आले, खिडकीत लटकणारी केबल बघितली आणि ट्रकवाल्यांसमोर मला म्हणाले, "कमी पडली? अहो, मोजून आणायची ना."

आणि काका, तांब्या हातात तसाच, मान हलवत, "मोजाय पाहिजे होती."

मी मोजूनच आणली होती हो! बरं, काकांचं नाव घ्यावं तर त्यांच्या नोकरीची पंचाईत, न घ्यावं तर आपण बावळट. वर मॅनेजरांचं चालूच, "हल्ली सगळं वायफायवर होतं, तुम्ही अजून वायरीच ओढताय." तुमचा इंडिकेटर, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणारा डबा, कुठल्या काळातला आहे, मधे पत्र्याची शेड किती लांब आहे, बघा की जरा. पण असल्या कामात व्यवस्थित चाललेलं कुणाला दिसत नाही आणि लोंबणारी वायर मात्र गेटवरून दिसते. बिलात आता केबलवरून कटकट होणार हे नक्की.

शेवटी मॉडेम खिडकीखाली ठोकला, जिथे पावसाची झड येते, वर प्लॅस्टिक बांधलं आणि इंडिकेटरपर्यंत नऊ पिनांची लांब केबल टाकली. इंडिकेटरच्या पोर्टला तीनच वायरी असल्याने मॉडेमला करंट तिथून मिळेना, म्हणजे अडॅप्टर आला, आणि केबिनमधल्या एकुलत्या एक सॉकेटमध्ये काकांचा मोबाईल. तो काढायला काका तयार नाहीत, नातवाचा फोन येणार होता म्हणे. एक्स्टेन्शन बोर्डही माझ्याच खिशातून. ट्रक काट्यावर चढला, ऑफिसच्या स्क्रीनवर आकडा बरोबर आला, कुणी हूं की चूं केलं नाही.

निघताना काका गेटपर्यंत सोडायला आले. "साहेब, राग मानू नका. हापिसातल्या टोकाला पण तसलाच पीळ हाय म्हणत होता ना? शनिवारी मी मोकळाच असतो."

मी परत आत गेलो आणि तिथल्या डबीच्या झाकणाला बॅगेत होते नव्हते तेवढे सगळे स्क्रू मारून आलो.